सह्याद्रीच्या रानात गाइड व्हायचे असेल तर: सातारा-सांगलीच्या नवख्यांसाठी

जावळी, पाटण आणि शिराळा तालुक्यांतील तरुण भेटले की मला हमखास एक प्रश्न विचारतात. आफ्रिकेत पाहुण्यांना रानात नेऊन मोठ्या जनावरांची शिकार घडवून आणणारे व्यावसायिक गाइड असतात. त्यांचे व्हिडिओ या मुलांनी मोबाइलवर पाहिलेले असतात. रानाची ओळख आपल्यालाही आहे, चालण्याची सवय आहे, मग हा व्यवसाय आपल्याला का करता येऊ नये, असे त्यांना वाटते. प्रश्न मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. मी स्वतः आधी बामणोलीच्या बाजूला आणि नंतर चांदोलीकडे गाइड म्हणून काम केले आहे. सुरुवातीला सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे माझे पहिले दोन हंगाम चाचपडण्यातच गेले. तुमचे तसे होऊ नये, यासाठी हे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी कायदा समजून घ्या

भारतात शिकारीचा गाइड हा व्यवसाय करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीतील, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतील, वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई केली आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात केवळ गोळी घालणे येत नाही. प्राण्याला पकडणे, विष घालणे, फासा किंवा सापळा लावणे, हाका करून त्याला पिटाळणे, आमिष दाखवणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि घरटी यांची नासधूस करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्यात मोडते. गवा, बिबट्या, अस्वल आणि खवले मांजर हे अनुसूची १ मधील प्राणी आहेत. त्यांच्याबाबतीत गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद होते, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ खाली अधिकाऱ्यांना विशिष्ट परिस्थितीत परवानगी देता येते, परंतु ती शेतीच्या संरक्षणासाठी असते आणि तिच्यावर कोणालाही धंदा उभा करता येत नाही.

परदेशाचे म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेत परदेशी शिकाऱ्यासोबत नोंदणीकृत व्यावसायिक शिकारी असणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेतील प्रशिक्षण व परीक्षा द्यावी लागते. झिंबाब्वेत लेखी परीक्षेनंतर अनुभवी परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि मगच बंदुकीची व रानातील कौशल्याची कसोटी होते. केनियाने १९७७ मध्येच शिकारीवर बंदी घातली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली, म्हणजे तिथला हा व्यवसाय सरकारी धोरणासोबत बंद आणि सुरू होत राहतो. त्या देशांत ही कामे प्रामुख्याने तिथेच वाढलेली माणसे करतात. साताऱ्यातून कर्ज काढून तिकडे जाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

मात्र या व्यवसायाचा जो गाभा आहे, म्हणजे माग काढणे, वारा ओळखणे, जनावराच्या आधी त्याचा अंदाज घेणे आणि सोबतच्या माणसांना सुखरूप परत आणणे, तो आपल्याकडे पूर्वापार आहे. संस्थानांच्या काळात हाक्यासाठी आणि माग काढण्यासाठी गावोगावची माणसे बोलावली जात. ती विद्या आज बंदुकीशिवाय वापरता येते आणि तिच्यावर प्रामाणिकपणे पोटही भरता येते.

२. कोठे काम करायचे ते ठरवा

सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून जाहीर झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. कोयनेच्या बाजूला शिवसागर जलाशय आणि वासोटा किल्ला, तर चांदोलीच्या बाजूला वारणेवरील वसंतसागर, झोळंबीचा सडा आणि प्रचितगड आहे. इथे काम करायचे असेल तर वन विभागाच्या नोंदणीशिवाय पर्याय नाही, आणि नोंदणीत स्थानिक गावांतील, त्यातही बफर क्षेत्रातील, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, आणि पुनर्वसित गावांतील तरुणांना प्राधान्य मिळते. तुमच्या गावात ग्राम परिसर विकास समिती किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल, तर पहिली भेट तिच्या अध्यक्षांची घ्या. ही पायरी गाळून थेट परिक्षेत्र कार्यालयात जाणारे बहुतेक जण त्याच कार्यालयातून समितीकडे परत पाठवले जातात.

कास पठाराचे काम निराळे आहे. तिथला हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंतचा, छोटा आणि गर्दीचा असतो, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांमार्फत चालते. तिथे जनावरांपेक्षा वनस्पतींचे ज्ञान लागते. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य अवघे अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, पण उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले हे रान नवख्या गाइडला शिकण्यासाठी फार चांगले आहे. सांबर, चितळ आणि काळवीट तिथे तुलनेने सहज दिसतात आणि वाटा आटोपशीर आहेत. ज्याला कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्याने सागरेश्वरपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. कागदपत्रे एकदाच आणि पूर्ण जमवा

आधार कार्ड, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, बँक पासबुकाची प्रत आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे ही नेहमीची कागदपत्रे झाली. त्यांच्या जोडीला पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी, सरकारी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि समितीची शिफारस किंवा ठरावाची प्रत ठेवा. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र कोणी मागितले नाही तरी घ्याच. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था असे वर्ग घेतात. सफारीची गाडीही स्वतः चालवणार असाल तर प्रवासी वाहनाचा परवाना आणि विमा वेगळा लागेल.

चारित्र्य पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तिचा अर्ज सर्वांत आधी करा. दाखल्यांवरील नावांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो अर्जापूर्वी दुरुस्त करून घ्या. माझ्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव चुकलेले होते आणि तेवढ्यासाठी माझा अर्ज एक पूर्ण हंगाम पडून राहिला. आणखी एक सांगतो: गाइडची नोंदणी करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. जे शुल्क असेल ते कार्यालयात भरावे आणि पावती घ्यावी.

४. एक वर्ष रान वाचा

हा सर्वांत लांब टप्पा आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. गावात वाढलो म्हणजे रान कळते, हा समज मलाही होता. वाट माहीत असणे आणि वाटेवर काल रात्री काय घडले ते सांगता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्याघ्र प्रकल्प असला तरी सह्याद्रीत वाघ दिसणे अत्यंत दुर्मीळ आहे. २०१८ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यात, वाघाचे छायाचित्र मिळाले, तेव्हा तीच मोठी बातमी ठरली होती. ताडोबासारखे गवताळ, मोकळे रान इथे नाही. दाट झाडी, उभे उतार आणि धुके यांमुळे बहुतेक जनावरे तुम्हाला त्यांच्या खुणांतूनच भेटणार आहेत. म्हणून इथल्या गाइडची किंमत तो खुणा किती वाचू शकतो यावर ठरते.

पाऊलखुणांपासून सुरुवात करा. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत, कारण चालताना तो नखे आत ओढून घेतो. शिवाय बिबट्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलावे दिसतात. रानकुत्र्यांच्या, म्हणजे कोळसुंद्यांच्या ठशात नखे असतात, आणि त्यांची केसांनी भरलेली विष्ठा वाटांच्या तिठ्यावर एकाच जागी पुष्कळ सापडते. उकरलेले वारूळ आणि फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर अस्वल येऊन गेले आहे असे समजा. झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा मोठा गोळा असेल तर ते शेकरूचे घरटे, आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, हे पाहुण्यांना सांगण्याजोगे आहे.

ठसा ओळखण्यापेक्षा तो किती जुना आहे हे ओळखणे अवघड असते. कडा धारदार आहेत की ढासळल्या आहेत, ठशात दव साचले आहे की तो दवावर उमटला आहे, वरून पान पडले आहे का, एखाद्या किड्याची रेघ ठशातून गेली आहे का, हे पाहत राहिले की हळूहळू डोळा तयार होतो. मी घराच्या परड्यात मऊ माती पसरून रोज स्वतःच्या पावलाचा एक ठसा उमटवत असे आणि सकाळ-संध्याकाळ त्यात होणारा बदल वहीत लिहून ठेवत असे. दोन महिन्यांच्या त्या वहीने मला जेवढे शिकवले तेवढे दुसऱ्या कशानेही शिकवले नाही. गव्याच्या शेणाचेही तसेच आहे. वरची साय किती वाळली आहे आणि शेणकिडे कोठवर पोहोचले आहेत, यावरून कळप पुढे किती अंतरावर असेल याचा अंदाज येतो आणि त्याप्रमाणे वाट बदलता येते.

त्यानंतर कान तयार करा. भेकर कुत्र्यासारखे भुंकते, वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा इशारा देते, सांबराची एकच मोठी, घुमणारी हाक येते. तिन्ही एका पाठोपाठ एकाच दिशेने ऐकू आल्या तर बिबट्या त्या बाजूला चालत असण्याची शक्यता मोठी असते. हे मला एका धनगर आजोबांनी शिकवले. ते स्वतः फारसे बोलत नसत, पण जनावरे चारताना मध्येच थांबून हात वर करीत, आणि मग मी ऐकायचे. अशा एखाद्या जाणत्या माणसाच्या मागे वर्षभर फिरा, त्यांच्या कामात हात लावा आणि प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. अंजनी, हिरडा, जांभूळ, किंजळ आणि कारवी यांच्या ओळखीशिवाय इथल्या रानाबद्दल बोलताच येणार नाही.

कास पठारासाठी फुलांचा अभ्यास स्वतंत्रपणे करा. नुसती नावे सांगून भागत नाही. सीतेची आसवे ही निळी-जांभळी नाजूक फुले असलेली वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव आपल्या पिशव्यांत ओढून घेते, टोपली कारवी सात वर्षांनी एकदा सामूहिकपणे फुलते, आणि हे सारे जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत घडते. पठारावर एक पाऊल चुकीचे पडले तर काय नुकसान होते, हे त्या बोटभर मातीवरून पाहुण्यांना पटकन पटते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरील मचाणांवर निसर्गानुभव हा कार्यक्रम घेतो. त्यात आणि १ ते ७ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात स्वयंसेवक म्हणून नाव द्या. वनरक्षक तुम्हाला तिथेच ओळखू लागतात, आणि पुढे शिफारशीची वेळ आली की ती ओळख उपयोगी पडते.

५. साहित्य

सुरुवातीला फार खर्च करू नका. आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, खिशात मावणारी वही, शिट्टी, डोक्याला बांधायची विजेरी, दहा-पंधरा मीटर दोरी, प्रथमोपचाराची पेटी, दोन लिटर पाणी आणि घोट्याला आधार देणारे बूट एवढे पुरते. पावसाळ्यात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे हवेत. कपडे मातकट किंवा हिरवे असावेत. अत्तर आणि सुवासिक फवारे घरीच ठेवा, आणि पाहुण्यांनाही हे आदल्या दिवशी फोनवर सांगा, कारण त्याचा थेट संबंध पुढच्या मुद्द्याशी आहे.

६. जीव सांभाळणे

आग्या मोहोळ हा आपल्या गडकोटांवरचा सर्वांत दुर्लक्षिला जाणारा धोका आहे. उग्र वास, धूर, आरडाओरडा आणि ड्रोनची घरघर यांनी ते उठते. कड्याखालच्या मोहोळाजवळून जाताना सर्वांना गप्प चालायला लावा. मोहोळ उठलेच तर तोंड-डोके कपड्याने झाकून, न थांबता, दाट झाडीत किंवा दूर पळायचे. हात झटकत जागेवर उभे राहायचे नाही. डंख नखाने खरवडून काढा, आणि ज्याचा श्वास कोंडत आहे किंवा चेहरा सुजत आहे त्याला ताबडतोब दवाखान्यात हलवा.

एकटा गवा कळपापेक्षा जास्त धोकादायक असतो. तो आडवा उभा राहून अंग दाखवू लागला, फुरफुरू लागला किंवा मान खाली घातली, तर तो तुम्हाला मागे सरायला सांगत आहे. गट पाठीशी गोळा करा, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे या आणि मोठे झाड मध्ये घ्या. छायाचित्रासाठी आणखी दोन पावले पुढे जाण्याची विनंती कोणी केली तर ती नाकारण्याचा अधिकार तुमचा आहे. अस्वल वारूळ उकरताना इतके गुंग असते की माणसाची चाहूल त्याला लागत नाही, म्हणून घळीतल्या वळणांवर आणि करवंदीच्या जाळ्यांजवळ मुद्दाम बोलत, काठी आपटत चालावे. कोणत्याही जनावरासमोर पळायचे नाही, हे पाहुण्यांकडून निघण्यापूर्वी वदवून घ्या.

सर्पदंशात जखम कापणे, रक्त चोखणे आणि घट्ट आवळपट्टी बांधणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. दंश झालेला अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. तुमच्या वाटेपासून प्रतिसर्पविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी हंगाम सुरू होण्यापूर्वी स्वतः जाऊन करा. रानात पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून कोठे लागतो त्या जागा वहीत टिपून ठेवा. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर उघड्या सड्यावर थांबू नका, तिथे वीज पडण्याचा धोका असतो.

माझी सर्वांत मोठी चूक वेळेची होती. पहिल्या हंगामात मी नऊ जणांना घेऊन वासोट्याला गेलो. बामणोलीहून परवाने काढून लाँच सुटायला उशीर झाला, तरी सर्वांच्या आग्रहाला बळी पडून मी माथा गाठलाच. उतरताना एका काकांच्या पायात गोळे आले आणि मेट इंदवलीच्या काठावर पोहोचेपर्यंत अंधारू लागले होते. वासोट्यावर मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधारात जलाशय ओलांडणे जोखमीचे, त्यामुळे लाँचवाले दादा आणि वन कर्मचारी दोघेही माझ्यावर रागावले. त्यांचा राग योग्यच होता. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी परतीची वेळ मोठ्याने जाहीर करतो, आणि ती झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी गट मागे फिरवतो.

७. नवख्यांना अडकवणाऱ्या गोष्टी

वाघ किंवा बिबट्या दाखवण्याचे आश्वासन कधीही देऊ नका. खोटे आश्वासन देणारा गाइड ते पाळण्यासाठी पुढे जनावराच्या मागे धावतो, गाडी आडवी घालतो, पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवतो. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीचे तोंड लिंपून आत कोंडून घेते आणि तिचे व पिलांचे पोट नराने आणलेल्या फळांवर चालते. त्या झाडाखाली माणसे रेंगाळली तर नर यायला कचरतो आणि आतली उपाशी राहतात.

शिराळ्याच्या नागपंचमीची कीर्ती ऐकून आलेले पाहुणे साप पकडून दाखवण्याचा हट्ट धरतात. तो गुन्हा आहे, आणि हातात साप घेतलेल्या गाइडचे छायाचित्र हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. त्याहून गंभीर म्हणजे कोणी गोड बोलून मांडूळ किंवा खवले मांजर कोठे सापडते हे विचारेल आणि केवळ जागा दाखवण्याचे पैसे देऊ करेल. हे तस्करीचे जाळे असते. तिथल्या तिथे नकार द्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वाटेत तारेचा फासा दिसला तर त्याला हात न लावता जागेची नोंद करून वनरक्षकाला बोलवा. दुर्मीळ जनावर किंवा फूल दिसल्यास त्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका आणि पाहुण्यांनाही टाकू देऊ नका.

८. दर आणि वर्षाचा हिशेब

प्रवेशद्वारावरील गाइडचा दर ठरवून दिलेला असतो. त्याहून जास्त मागू नका. खासगी पदभ्रमण आणि पक्षिनिरीक्षणाचा दर मात्र तुम्ही ठरवू शकता. त्यात तुमचा प्रवास, विमा आणि साहित्याची झीज धरा, आणि एका गाइडमागे दहा-बारांहून अधिक माणसे घेऊ नका. प्रवेश शुल्क, लाँचचे भाडे आणि तुमचे मानधन हे तीन आकडे पाहुण्यांना आधीच वेगवेगळे लिहून पाठवा. बहुतेक वाद ते एकत्र सांगितल्यामुळे होतात.

पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन बंद असते, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे केवळ या कामावर घर चालेल असे धरून चालू नका. शेती, दुभती जनावरे किंवा घरगुती निवास-न्याहारीची सोय यांपैकी काहीतरी जोडीला हवे. मी जूनमध्ये भातलावणी उरकतो, जुलैत वहीतील वर्षभराच्या नोंदी महिन्यांप्रमाणे उतरवून काढतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कासच्या समितीकडे नाव नोंदवायला जातो. यंदा नव्याने येणाऱ्यांनीही त्याच सुमारास कागदपत्रांच्या दोन-दोन प्रती घेऊन जावे, कारण हंगामाची कामे तेव्हाच वाटली जातात.